‘मी आहे ना’ एवढ्या भरवशावर गुहेत उतरू नकोस

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडजवळच्या एका खेड्यातली. गेली दोन वर्षं अमेरिकेत, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला पोस्टडॉक करते आहे. पोहायला विहिरीत शिकले, स्कूबाचा पहिला कोर्स तारकर्लीला केला आणि इथे आल्यावर तर पाण्याचं वेडच लागलं. आजवर ११० डाइव्ह झाल्या. जिनी स्प्रिंग्ज आणि पीकॉक स्प्रिंग्ज हे गुहांचे झरे इथून गाडीनं सहज जाता येतील एवढ्या अंतरावर आहेत. त्या निळ्या पाण्याच्या तळाशी गुहेचं काळं तोंड दिसतं आणि आत जायची फार ओढ लागते.

आमच्या विभागातले एक निवृत्त तंत्रज्ञ पंचवीस वर्षं गुहांमध्ये डाइव्ह करतात. ते म्हणतात, “कोर्सवर पैसे कशाला घालवतेस? कार्डं (कोर्सची प्रमाणपत्रं) विकायचा धंदा आहे तो. ब्रिटनमधले जगातले उत्तम केव्ह डायव्हर जुन्यांच्या हाताखाली शिकले, कुणाला फी देऊन नाही. मी शिकवतो तुला, फुकट. मी आहे ना!” दुसरीकडे एक इन्स्ट्रक्टर आठ दिवसांत फुल केव्ह, म्हणजे गुहेच्या कोर्सची शेवटची पायरी, करून देतो म्हणतोय, अडीच हजार डॉलरमध्ये. माझ्या पगारात ते जड आहे. शिवाय हे गृहस्थ फार चांगले आहेत, मला लेकीसारखं वागवतात. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. काय करू?

— गेन्सव्हिलची एक वाचक

तू मला ताई म्हणतेस, तेव्हा अगं-तुगंच करते. सरळ उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. कोर्स कर. पण आठ दिवसांचा, एका दमातला करू नकोस, तुकड्यातुकड्यांनी कर. आणि त्या काकांना (मी त्यांना काकाच म्हणते आता) अजिबात सोडू नकोस. त्यांची गरज तुला लागणार आहे, फक्त ती कोर्सच्या नंतर.

आपण दोघीही विहिरीत शिकलेल्या. पाठीला डबा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर आजोबांच्या नाहीतर मामाच्या हातात. नाकातोंडात पाणी जायला लागलं की वरून दोर ताणला जायचा. पैसा नाही, कागद नाही, दोर धरणारा माणूस हाच आपला कोर्स. म्हणून काकांचं म्हणणं आपल्याला चटकन पटतं. मलाही पंधरा वर्षांपूर्वी असंच पटलं होतं. पण विहिरीत डोक्यावर आभाळ असतं. गुहेत डोक्यावर दगड असतो, आणि घाबरून वर जावं म्हटलं तर वर काहीच नसतं. बाहेरचा रस्ता मागे असतो, कधी साठ मीटर, कधी हजार. तिथल्या दोराचं दुसरं टोक बाहेर एखाद्या दगडाला नाहीतर ओंडक्याला बांधलेलं असतं. ते ओढून तुला कुणी वर काढत नाही. त्या दोरावरून तुझं तुलाच यावं लागतं, बऱ्याचदा डोळ्यांना काहीही दिसत नसताना.

काका ब्रिटनचं म्हणतात ते खरं आहे, आणि त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. १९३५ मध्ये सॉमरसेटमधल्या वुकी होल गुहेत ग्रॅहम बाल्कम, जॅक शेपर्ड, पेनेलोपी पॉवेल ही मंडळी धातूच्या टोपाचा जडशीळ पोशाख घालून, पंपानं सोडलेल्या हवेवर उतरली. १९४६ मध्ये बाल्कमनं केव्ह डायव्हिंग ग्रुप काढला. तो आजही चालू आहे आणि आजही तिथे नवे लोक जुन्यांच्याच हाताखाली तयार होतात. २०१८ च्या जुलैत थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत अडकलेली फुटबॉलची पोरं ज्या दोघांना सापडली, ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थेन याच परंपरेतले. एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, दुसरा आयटीतला. दोघंही हौशी. (त्याच गुहेतलं पाणी उपसायच्या कामात किर्लोस्करांचे अभियंते मदतीला गेले होते. तू कराडची, तेव्हा ते तुला आठवत असेलच.)

पण तिथे शिकवणं चालतं कसं, तेही बघ. तिथे येणारा माणूस आधी गुहेत फिरणारा असतो. दोरावरून उतरणं, चिखलातून पोटावर सरपटणं, थंडीत आठ-आठ तास जमिनीखाली काढणं, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. पुढे वाट पाण्यात बुडालेली दिसते, म्हणून तो डाइव्ह करायला शिकतो. पाणी गोठवणारं, गढूळ, आणि बोळ इतके चिंचोळे की तिथले लोक बहुतेक वेळा एकटेच आत जातात, दोन्ही कुशींना एकेक सिलिंडर लावून. नव्या माणसाला ग्रुप आधी शिकाऊ म्हणून घेतो, परीक्षा पास झाल्यावरच तो पक्का होतो. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही की तिथला मार्गदर्शक एकटा नसतो. त्याच्या मागे अख्खी शाखा असते. त्यानं घाई केली तर “हिला इतक्यात आत का नेलंस?” असं त्याला तोंडावर विचारणारे असतात. तुझ्या काकांना असं विचारणारं कोण आहे? ते कितीही भले असोत, आहेत ते एकटेच.

आता ‘कार्डं विकायचा धंदा’ याबद्दल. फ्लोरिडात ब्रिटनच्या नेमकं उलट घडलं. इथली गुहा दिसायला फार सोपी. पाणी बाराही महिने २२ अंशांच्या आसपास, आरशासारखं स्वच्छ, गाडीतून उतरलं की लाकडी पायऱ्या आणि खाली झरा. साठ-सत्तरच्या दशकांत इथे लोक एक दिवा घेऊन आत जायचे आणि परत यायचे नाहीत. असे शेकडो गेले. गुहेच्या तोंडाशी मृत्यूच्या चित्राची ती पाटी तू पाहिली असशील किंवा पाहशील. तिच्यावर लिहिलंय की अशाच गुहांमध्ये ३०० हून जास्त डायव्हर मेले आणि त्यांत ओपन वॉटरचे, म्हणजे उघड्या पाण्यात डाइव्ह शिकवणारे, इन्स्ट्रक्टरसुद्धा होते. ते इन्स्ट्रक्टरचं वाक्य दोनदा वाच. तुझ्या ११० डाइव्हचं तिथे काय मोल आहे ते त्यात आलं.

शेक एक्स्ली नावाच्या इथल्याच एका डायव्हरनं हे अपघात एकेक करून तपासले आणि १९७९ मध्ये त्यातून निघालेले धडे छापले. तीच ती कारणं पुन्हा पुन्हा आली होती. उघड्या पाण्यापर्यंत सलग दोर नव्हता. हवेचा एक तृतीयांश भाग वापरून वळायला हवं होतं, बाकीची दोन तृतीयांश परतीसाठी आणि जोडीदारासाठी राखायला हवी होती, ती राखली नव्हती. झेपेल त्याहून खोल गेले होते. पुढे त्यात प्रशिक्षण आलं आणि प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत हेही आलं. १९६८ आणि १९७३ मध्ये इथे गुहांसाठी दोन संस्था उभ्या राहिल्या, त्या अशाच हौशी माणसांनी उभ्या केल्या. ही माणसं तुझ्या काकांसारखीच होती, एकमेकांच्या सोबतीनं शिकलेली. पण गुहेतून प्रेतं बाहेर काढायची वेळही त्यांच्यावरच येत होती, म्हणून त्यांनी जे ठाऊक होतं ते क्रमानं लिहून काढलं. आज आपण ज्याला कोर्स म्हणतो तो मुळात अनेक काकांचा जमवलेला शहाणपणा आहे. त्यावर पुढे दुकानं निघाली, हेही खरं. त्याकडे येतेच.

त्याआधी माझं सांगते.

मीही तेव्हा फ्लोरिडातच होते, तुझ्याएवढीच. एक जुना डायव्हर मित्र होता, अनुभवी, मनानं मोठा. एका झऱ्यात त्यानं मला उजेडाच्या पलीकडे नेलं. “थोडंच पुढे जाऊ, मी आहे ना.” दोर लावला नाही, कारण त्याला तिथला दगड न् दगड पाठ होता. आत शिरल्यावर दहा-बारा मीटरवरच मला परत फिरावंसं वाटलं. अगदी स्पष्ट आठवतं, छातीत धडधड सुरू झाली होती. पण मी खूण केली नाही. एवढा आपला वेळ काढून, फुकट आणलंय, आणि मी कशी मागे फिरू? त्याला काय वाटेल? मग माझ्या पायातला फिन तळाला लागला. तळाचा गाळ पिठासारखा असतो, तो उठला, आणि माझ्या दिव्यासमोर एकदम तपकिरी भिंत उभी राहिली. मी हात वर केला, दगड लागला. डावीकडे केला, दगड. तो पुढे होता आणि त्याला मागचं काही कळलं नव्हतं. त्याच्या दिव्याचा पिवळट डाग पुन्हा दिसेपर्यंत मिनिटभरही गेलं नसेल. वर आल्यावर हवेचा काटा बघितला तर तेवढ्यात भसाभस हवा ओढून बरंचसं सिलिंडर मी रिकामं केलं होतं. मी त्याला म्हटलं, “मस्त होतं.” खरं सांगायची भीड वाटली.

हे सगळं मी लिहितेय ते त्या एका शब्दासाठी. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. गुहेत तिचं नातं याहून वाईटाशी आहे. केव्ह डायव्हिंगमधला पहिला नियम असा की कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी अंगठा वर करून डाइव्ह संपवू शकतो, आणि त्याला जाब विचारायचा नाही. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘संपलं, बाहेर’. मोठ्यांपुढे बोलू नये अशा वळणात आपण वाढलो. वर उपकाराचं ओझं असलं की तो अंगठा दहा किलोचा होतो. तुझ्याच पत्रात आहे बघ, “नाही म्हणायला जीभ रेटत नाही.” जमिनीवर, कोरड्या कपड्यात, चहा पिताना जी जीभ रेटत नाही, ती तीस मीटर खोल अंधारात हात कसा उचलू देईल? इन्स्ट्रक्टरला तू पैसे मोजलेले असतात. त्याच्यासमोर चुकायला, रडायला, थांबवायला आणि “मला हे पुन्हा दाखवा” म्हणायला तू मोकळी असतेस. मला विचारशील तर कोर्सच्या फीमध्ये सगळ्यात मौल्यवान हेच आहे.

दुसरी गोष्ट सरावाची. काकांना गुहा कळते. पण नवशिका माणूस कुठे मोडतो हे रोज बघणाऱ्यालाच कळतं. माझ्या कोर्सचा पहिला दिवस कोरडाच गेला. इन्स्ट्रक्टरनं बागेतल्या ओकच्या झाडांना गुडघाभर उंचीवर दोर बांधला, एका बुंध्याला वळसा, पुढच्याला गाठ, मध्येच एका बाकाच्या पायाखालून. आम्हा दोघींचे डोळे बांधले. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून कडं करायचं, दोर त्या कड्यातून सरकू द्यायचा, ओढायचा नाही. दुसरीनं माझा दंड धरायचा. दोरावर मधूनमधून प्लॅस्टिकचे बाण अडकवलेले. बोटानं चाचपून टोक कुठे आहे ते ओळखायचं, कारण टोक जवळच्या दाराकडे असतं. मी भराभर निघाले. तिसऱ्या झाडाशी मी दोर खेचला, तो बुंध्यावरून निसटून सैल पडला, आणि मी तशीच पुढे. त्यानं पट्टी काढायला लावून मला तो सैल दोर दाखवला. गुहेत असा दोर दगडाच्या फटीत जाऊन बसतो, म्हणाला, जिथून तो जातो तिथून माणूस जाऊ शकत नाही. मग त्यानं मला अकरा फेऱ्या मारायला लावल्या. पुढे पाण्यात त्यानं माझा मास्क झाकून मला दोरापासून लांब नेऊन सोडलं आणि रीलच्या, म्हणजे दोर गुंडाळलेल्या चरखीच्या, साहाय्यानं दोर शोधायला लावला. लांब नळीच्या रेग्युलेटरवर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र) जोडीदाराला हवा देत आंधळेपणानं बाहेर यायला लावलं. मध्येच दिवा घालवायचा, मध्येच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. माझ्या त्या मित्रानं हे कधीच केलं नसतं. त्याला मला गुहेचं सौंदर्य दाखवायचं होतं. मला हैराण करायला त्याचं मन धजलं नसतं. प्रेमाची माणसं इथे कमी पडतात.

आणि एक अगदी व्यवहाराचं. पीकॉकला गुहेचं कार्ड दाखवावं लागतं. जिनीच्या डेव्हिल्स झऱ्यांमध्ये कार्ड नसलेल्याला दिवा घेऊन उतरू देत नाहीत, म्हणजे आत शिरायचा मोहच नको. मग काका तुला नेणार कुठे? जिथे विचारणारं कुणी नाही तिथे. हे त्यांनाही शांतपणे विचार.

आता त्या आठ दिवसांबद्दल. पी हळद अन् हो गोरी, असलं हे काम नाही. आठवडाभरात शून्यापासून फुल केव्हपर्यंत नेणारे कोर्स निघाले आहेत आणि त्यातून कार्ड घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी आयुष्यात इन्स्ट्रक्टरशिवाय एकही गुहा पाहिलेली नसते. माझंही जवळपास तसंच झालं होतं. हात दोरावर बसले होते, पण डोकं बसलं नव्हतं. म्हणून तू आधी फक्त केव्हर्नचा कोर्स कर. त्यात बाहेरचा उजेड दिसत राहील एवढ्यातच, पृष्ठभागापासून, खोली आणि आडवं अंतर मिळून, साठेक मीटरच्या आत राहायचं असतं. थोडे महिने झाले की इंट्रो, म्हणजे गुहेत आत जायची पहिली पायरी, कर. बऱ्याच संस्थांत या पायरीवर जोडसिलिंडरमधल्या हवेचा फक्त सहावा हिस्सा वापरून वळायचं असतं, मुख्य दोर सोडायचा नसतो, बाजूच्या बोळात शिरायचं नसतं. तिथे थांब. चांगली वर्षभर थांब. पैशांचाही प्रश्न यानं बराच हलका होईल, कारण एका वेळी एकाच पायरीची फी जमवायची. सिलिंडर, रील, दिवे काकांकडून उसने घे. तो उपकार घ्यायला हरकत नाही.

आणि ते वर्ष काकांचं. इंट्रोच्या मर्यादेत राहून त्यांच्याबरोबर तीस-चाळीस डाइव्ह कर. एकाच गुहेत, त्याच वाटेनं, पुन्हा पुन्हा. जाताना मधूनमधून मागे वळून बघायला ते शिकवतील, कारण तीच वाट परतताना ओळखू येत नाही. प्रवाहाच्या उलट न दमता कसं जायचं, दगडाला कुठे बोटं रुतवायची, छताची कुठली जागा नाजूक आहे म्हणून श्वासाचे बुडबुडेसुद्धा तिथे सोडायचे नाहीत, हे कोर्सच्या दिवसांत मावत नाही. इथे एक तृतीयांशाचा नियम सोपा वाटतो, कारण झरा तुला बाहेर ढकलत असतो. उद्या मेक्सिकोत टुलुमच्या सेनोटींमध्ये, म्हणजे पाण्यानं भरलेल्या विवरांमध्ये, गेलीस तर तिथे प्रवाह नसल्यासारखाच, परतीला मदत नाही, तिथे तोच हिशेब आणखी आखडता घ्यावा लागतो. सुवानी नदीला पूर आला की इथले झरे उलटे वाहायला लागतात आणि चहासारखं काळपट पाणी गुहेत शिरतं. कुठल्या आठवड्यात घरी बसायचं हे पंचवीस वर्षांच्या माणसाइतकं कुणाला कळणार? हे ज्ञान विकत मिळत नाही. मला ते एका बाईंकडून मिळालं. त्यांनी माझ्याकडून कधी एक डॉलर घेतला नाही, आणि दोनदा मला झऱ्याच्या काठावरूनच परत पाठवलं, एकदा सर्दी होती म्हणून आणि एकदा मी घरी भांडून आले होते म्हणून.

इन्स्ट्रक्टर निवडताना फीचा आकडा शेवटी विचार. आधी विचार, शेवटचं कुणाला नापास केलंत? उत्तर द्यायला अडखळला तर दुसरा बघ. एका वेळी किती विद्यार्थी घेता? विद्यार्थी नसताना स्वतःसाठी गुहेत जाता का? फक्त शिकवण्यापुरता गुहेत जाणारा माणूस मला नको वाटतो. आणि जमलं तर त्याला पाण्यात बघ. त्याच्या फिन्समागे गाळाचा एक कणही उठता कामा नये.

काकांना काय सांगायचं ते अवघड वाटतंय ना? असं सांग: “काका, तुमच्याबरोबर डाइव्ह करायची माझी फार इच्छा आहे. तुम्हाला माझी काळजी घ्यावी लागू नये इतपत तयार होऊन येते.” मी ओळखते अशा माणसांना. खरा केव्ह डायव्हर यावर रागावत नाही.

आणि येत्या रविवारी एक कर. हार्डवेअरच्या दुकानातून जाड नायलॉनची दोरी आण, काकांना घरी बोलाव, आणि मागच्या आवारातल्या झाडांना ती गुडघाभर उंचीवर बांधा. डोळे बांधून एक फेरी तू मार, एक त्यांना मारायला सांग. मग तिसरी फेरी दोघं उघड्या डोळ्यांनी, पण तोंडानं न बोलता, ते पुढे आणि तू मागे. अर्ध्यावर, काहीही कारण नसताना, त्यांच्या खांद्याला हात लावून अंगठा वर कर. ते काही न विचारता जागच्या जागी वळले आणि तुला पुढे घालून परत निघाले, तर इंट्रो झाल्यावर त्यांच्यासोबत खुशाल जा. “काय झालं? आता थोडंच तर राहिलंय,” असं म्हणाले, तर तीच फेरी त्यांच्याकडून पुन्हा करून घे, ते न विचारता वळेपर्यंत.